जोडीचा फोटो

"हा फोटो कुणाचा?" मी विचारलं.

"कुणाचा म्हणजे? माझा," चोपडे गुरुजी म्हणाले. "माझा आणि आमच्या मंडळींचा. तुम्हीच म्हणालात ना, पेन्शनच्या कागदांना जोडीचा फोटो लागतो म्हणून."

मी फोटो खिडकीच्या उजेडाकडं धरला. स्टुडिओतल्या रंगवलेल्या बागेपुढं दोघं बसले होते. चोपड्यांनी तपासणीला साहेब आल्यागत डोळे वटारले होते. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बाई, ओठ घट्ट मिटलेली, पदराखाली केस काळेभोर. मी चष्मा चढवला आणि त्यांच्या सर्व्हिस बुकातलं कुटुंबाचं पान उघडलं. 'सुलोचना, पत्नी, जन्म १९५३.' म्हणजे बाईला बावन्न-त्रेपन्न वर्षं पाहिजेत. फोटोतल्या बाईला पंचेचाळीसच्या वर एक दिवस असता, तर मी माझी अख्खी नोकरी सरकारला परत केली असती.

"वहिनींची तब्येत छान राहिलीय," मी म्हणालो.

"देवाची कृपा," चोपडे म्हणाले, आणि भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता निरखायला लागले. छत्तीस वर्षं शिकवलेली बाराखडी माणूस इतकी लक्ष देऊन वाचत नाही.

ही गोष्ट २००५ च्या डिसेंबरातली. पुढच्या मेअखेरीला चोपडे निवृत्त होणार होते. त्या काळी प्रत्येक तालुक्यात असा एखादा शिक्षक असायचा, की निवृत्तीला आलेले सगळे आपले कागद घेऊन त्याच्या दारात. आमच्या तालुक्यात तो मी होतो, दिनकर पोळ. कुठला नमुना किती प्रतींत, कुठं सही, कुठं अंगठा, कुठं मुख्याध्यापकाचा शिक्का, सगळं मला पाठ. माझ्या हातून गेलेली केस पंचायत समितीतून त्रुटी लागून परत आली नव्हती. पैसा कुणाचा घेतला नाही. मान मात्र पुरेपूर वसूल केला.

आणि संशय हा माझा स्वभावच होता. मंडळी म्हणायच्या, "तुम्हाला देवानं प्रसाद दिला, तर आधी हाताला हुंगून बघाल." त्यात तीन वर्षांपूर्वी एकानं मला चांगलं पोळवलं होतं. पठ्ठ्यानं जोडीच्या फोटोत भलतीच बाई बसवली, आणि ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून मी डोळे झाकून सही केली. महिन्याभरात खरी बायको दोन भाऊ घेऊन ऑफिसात हजर. चौकशीला चार हेलपाटे मला पडले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शिवाय दोन वर्षांनी मीही निवृत्त होणार होतो. तेव्हा अंगावर चौकशी असली, तर माझीच पेन्शन लोंबकळली असती.

चोपड्यांच्या केसमध्ये प्रश्न बाईच्या पोटाचा होता. गुरुजींच्या माघारी बायकोला जी पेन्शन मिळते, ती या फोटोवर आणि या नावावर मिळायची. बाई खरी असेल तर तिला मरेपर्यंत आधार. खोटी असेल, तर दुसऱ्या कुणा खरीच्या तोंडचा घास काढून आपण तिला भरवणार.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. अंगठे-सह्या घ्यायच्या आहेत, असं निमित्त काढलं.

"सुलोचनावहिनी, जरा बाहेर येता का?" मी पडवीतून हाक मारली.

आत भांडी वाजत होती. ती वाजतच राहिली.

"सुलोचनावहिनी!"

"अगं, तुला बोलवत्यात," चोपडे म्हणाले, तशी भांडी थांबली आणि बाई हात पुसत बाहेर आल्या. मी मनात पहिली गाठ मारली. स्वतःच्या नावाला दोन हाका लागणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

मी नमुना पुढं ठेवला. बाईंनी तो हातात घेऊन वरून खालपर्यंत डोळे फिरवले. "गुरुजी, इथं तीस तारीख पडलीय," त्या म्हणाल्या. "मे एकतीसचा असतो न्हवं?"

खरंच माझ्या हातून तीस पडलं होतं. मी खाडाखोड न करता नवा कागद भरायला घेतला, आणि पेन त्यांच्यापुढं केलं. "करा सही."

"अंगठा लावते."

"तुम्हाला वाचता येतं की!"

"वाचता येतं. सही न्हाई करत."

"नाही येत, का नाही करत?"

"अंगठा चालत न्हाई का नियमात?" बाईंनी माझ्याकडं सरळ बघून विचारलं. नियमात चालत होता. मी शाईचा पॅड उघडला. दुसरी गाठ बसली.

"माहेर कुठलं तुमचं?"

"करंजवाडी."

"शाळेचा दाखला आणता येईल का? वयाचा पुरावा म्हणून."

चोपडे मध्ये पडले. "कशाला दाखला? रेशन कार्ड आहे की. कुणाला मागितला नाहीत आजवर." बाई आत गेल्या. आत भांडी पुन्हा वाजली नाहीत.

मी साक्षीदाराची सही न करताच कागद पिशवीत घातले.

"सही राहिली तुमची," चोपडे म्हणाले.

"करू की. घाई काय आहे?"

"सहा महिने आधी केस जायला पाहिजे, असं तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"सांगतो. पण खात्री केल्यावर जायला पाहिजे, हेही सांगतो."

चोपड्यांचा चेहरा पडला. मला त्या वेळी त्याचं बरं वाटलं, हे कबूल करतो. चोर सापडला, असं वाटलं.

घरी मंडळींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काही बायका वयाच्या मानानं लहान दिसतात हो. तुमची नजर सगळ्यांवर सारखीच वाईट." पण मी मनाशी ताळा मांडून मोकळा झालो होतो. चोपड्यांची खरी सुलोचना कुठंतरी माहेरी टाकलेली असणार. ही दुसरी, मागून आणलेली. सरकारी नोकराला पहिली असताना दुसरी करता येत नाही, म्हणून हिलाच पहिलीचं नाव चिकटवलं. सगळं कसं चपखल बसत होतं.

रजा टाकून मी करंजवाडीला गेलो. तिथल्या मुख्याध्यापकानं ओळखीवर शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. चोपड्यांची सासुरवाडी रासकरांची, एवढं मला ठाऊक होतं. नामदेव रासकराच्या दोन मुली सापडल्या. मुक्ता, जन्म १९५३, तिसरीतून शाळा सोडली. हौसा, जन्म १९६०, चौथी पास. सुलोचना नाव कुठंच नव्हतं. ते सासरचं असणार. पण मुक्ता की हौसा?

रासकरांच्या दारात एक म्हातारी उन्हाला पाय पसरून शेंगा फोडत बसली होती. मुलींची चुलती. मी शाळेकडून आलोय म्हटल्यावर तिनं पाटावरच्या शेंगा माझ्याकडं सरकवल्या.

"मुक्ता कुठं असते आता?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"मुक्ता?" म्हातारीचा हात थांबला. "ती कुठली असायला! ती गेली की बाळंतपणात. पोर आडवं आलं. बैलगाडीत घालून दवाखान्याकडं निघाली व्हती, वाटंतच दोघं गेली. सत्त्याहत्तर साल आसंल."

"आणि हौसा?"

"तिला तितंच दिली. मास्तर चांगला माणूस, सोयरीक तुटू ने म्हणून. सासू तर म्हणाली, माज्या घरातली सुलोचना गेली, सुलोचनाच आली पायजे. मग लग्नात तांदळाच्या ताटात त्येच नाव काढलं."

माणसाला सत्य हातात दिलं तरी ते उलटंपालटं करून बघायची माझी खोड. म्हातारी पढवलेली असेल तर? मी ग्रामपंचायतीत गेलो, तिथून चोपड्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, तिन्ही वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी पान न पान चाळल्या. सुलोचना नाही, मुक्ता नाही. कागदावर ती बाई मेलेलीच नव्हती. माझ्या लेखी कागदावर न मेलेलं माणूस जिवंत असतं.

त्याच संध्याकाळी मी चोपड्यांच्या पडवीत जाऊन बसलो. बाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या.

"चोपडे, मी करंजवाडीला जाऊन आलो."

ते खालीच बघत राहिले.

"या हौसाबाई आहेत. सुलोचना नाहीत."

"ह्याही सुलोचनाच," ते हळू म्हणाले. "लग्नात तेच नाव ठेवलं."

"आणि पहिली?"

"वारली. तुम्हाला सांगितलं असेल तिथं."

"नोंद कुठंय? नोंद नाही, दाखला नाही. उद्या ती कुठून उभी राहिली तर साक्षीदार म्हणून मी जाणार का खडी फोडायला? बरं, दुसरं लग्न झालं तेव्हा सर्व्हिस बुकात का नाही लिहून घेतलंत? तिथंच पाल चुकचुकते, गुरुजी. ज्याच्या मनात काही नसतं तो नोंद करून घेतो."

चोपड्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्या माणसानं कुणाला मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"गेलो होतो नोंद करायला," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमध्ये. आपण दोघं तेव्हा एकाच शाळेवर. तुम्ही नवीन लागला होता, तुमचं अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी सगळ्यांची सर्व्हिस बुकं तुमच्याकडं लिहायला दिली होती. आठवतंय?"

"सर्व्हिस बुकं लिहिलेली आठवतंय."

"मी म्हणालो, माझं लग्न झालंय, बायकोची नोंद करायचीय. तुम्ही विचारलं, नाव काय? मी म्हणालो, सुलोचना. तुम्ही पान काढलं. म्हणालात, अहो, नाव लिहिलेलंच आहे, कशाला उगाच खाडाखोड करता? सर्व्हिस बुकात खाडाखोड झाली की जन्मभर त्रुटी निघतात. पहिली वारली, ते मी सांगणार होतो. तेवढ्यात घंटा झाली आणि तुम्ही वर्गावर गेलात. मी तुमचा शब्द ऐकला. नंतर बदली झाली. मग वाटलं, पोळ गुरुजी म्हणाले ते बरोबरच असेल."

मला काहीच आठवत नव्हतं. पण ते वाक्य माझंच होतं. तेव्हापासून शेकडो जणांना मी ते सांगितलं होतं, आणि तेवढ्याच ठसक्यात. आयुष्यभर ज्याला त्याला उलटसुलट विचारणाऱ्या मला त्या दिवशी एक साधा प्रश्न विचारायला सुचलं नव्हतं: लग्न आत्ता झालं, तर नाव आधीपासून लिहिलेलं कसं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गुपचूप पिशवीतून कागद काढले, पेन उघडलं.

"हे बघा," मी म्हणालो. "नाव तेच आहे. फोटो यांचा आहे. रेशन कार्डही याच नावाचं. वय सात वर्षांनी जास्त लागलं तर कुणाचं काय जातंय? मी सही करतो. उद्या केस जाईल. मेअखेरीला पेन्शन सुरू. तुमच्या माघारी वहिनींनाही बिनबोभाट मिळेल."

"दुसरा मार्ग नाही?" चोपड्यांनी विचारलं.

"आहे. पहिल्यांदा कोर्टातून मृत्यूच्या नोंदीचा हुकूम आणायचा. मग लग्नाचं प्रतिज्ञापत्र, नाव-वयाचे पुरावे, मग सर्व्हिस बुकात दुरुस्ती. वर्ष जाईल. तोवर निम्मीशिम्मी तात्पुरती पेन्शन. आणि कोर्टानं नाहीच मानलं, तर सगळंच उघडं पडेल आणि यांच्या हातात कायमचा भोपळा. मी सांगतो ते ऐका, मला गप्प सही करू द्या."

मी, दिनकर पोळ, खोट्या कागदावर सही करायला पेन उघडून बसलो होतो. माझी एवढी मोठी चूक त्या एका सहीखाली झाकली जाणार होती ना.

"न्हाई," उंबऱ्याच्या आतून आवाज आला.

हौसाबाई बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर खाली बसल्या.

"गुरुजी, तुमी इचारलं व्हतं, सही का करत न्हाई. सही केली तर सुलोचना लिवावं लागंल. ती माज्या आक्काची हाय. म्हणून अंगठा. अंगठा तर माजाच हाय न्हवं?"

"वहिनी, नावात काय—"

"ऐका माजं. आक्का मेली तवा मी सतरा वर्साची. सा महिन्यांत ह्या घरात आले. सासूबाई पहिल्या दिशीच म्हणाल्या, आता मेलेल्याचं नाव काढायचं न्हाई, सुलोचना हितंच हाय. वाईट न्हवत्या त्या. त्यांचं दुःख त्यांनी तसं झाकलं. पर माजं? आक्काच्या नावानं हाक मारत्यात, आन् आक्कासाठी मला रडाया बी मुभा न्हाई. रडले तर म्हणायच्या, कोण मेलंय गं रडाया?"

चोपड्यांनी तोंड फिरवलं.

"आता तुमी म्हणताय, तिच्याच नावानं पेन्शन खा. म्हंजे मी मरंपतूर आक्का कागदावर जिती. आन् मी मेले की मग ती मरायची, आन् मी तर कुठंच न्हाई. न्हाई गुरुजी. आक्का मेलीय. तिला मरू द्या."

"पेन्शन गेली तर, वहिनी? यांच्या माघारी काय खाल?"

"चौथी पास हाय. बालवाडीत पोरं सांभाळीन. न्हाईतर लेकीच्या दारात बसंन. पर आक्काच्या जिवावर न्हाई."

मी चोपड्यांकडं बघितलं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या खिशाला अडकवून दिलं.

निकाल काय लागला ते आधीच सांगून टाकतो. वर्ष नाही, पण अकरा महिने गेले. घर त्या तात्पुरत्या पेन्शनवर कसंबसं चाललं. हौसाबाईंनी खरंच बालवाडीत काम धरलं. शेवटी सर्व्हिस बुकात लाल शाईनं दुरुस्ती झाली. माझ्या हातून झालेली ती पहिली खाडाखोड. चोपडे पुढं सात वर्षं जगले. आज हौसाबाईंना पेन्शन मिळते ती हौसाबाई शामराव चोपडे या नावानं. पण मला आठवतो तो कोर्टातला दिवस.

तालुक्याच्या कोर्टात आमचा नंबर दुपारी लागला. न्यायाधीश साहेब तरुण होते, आणि माझ्यासारखेच संशयी. अर्ज वाचता वाचता त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती माझ्या ओळखीची होती.

"तीस वर्षांनी मृत्यूची नोंद?" ते म्हणाले. "आत्ताच का आठवण झाली?"

वकिलांनी निवृत्तीचं सांगितलं.

"म्हणजे पेन्शनसाठी. असंच वाटलं मला." त्यांनी रेशन कार्डाची प्रत उचलली. "बाई, या कार्डावर सुलोचना शामराव चोपडे लिहिलंय. या तुम्हीच ना?"

"न्हाई, साहेब."

"मतदार यादीतही तेच नाव. मग तुम्ही एवढी वर्षं मतदान कुणाच्या नावानं केलंत? खोटं तेव्हा बोलत होता, का आता बोलताय?"

मी बाकावर बसून ऐकत होतो. यातला एकेक प्रश्न मी त्या पडवीत बसून विचारला होता किंवा मनात घोळवला होता. तेव्हा मला ते किती हुशारीचे वाटले होते! हौसाबाईंनी साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा धरला होता. चोपडे उठून उभे राहिले, शिपायानं त्यांना खाली बसवलं. आता गेलं सगळं, असं मला वाटलं. पेन्शन गेली, आणि ती माझ्यामुळं गेली.

साहेबांनी अर्ज पुन्हा पुढं ओढला. "बरं, मयत व्यक्ती तुमची कोण?"

बाईंनी पदर सावरला.

"मयताशी तुमचं नातं काय, ते सांगा. इथं लिहावं लागतं."

"बहीण," हौसाबाई म्हणाल्या. "माजी थोरली बहीण."

आणि त्यांचा बांध फुटला. पदर तोंडात कोंबून रडणं नव्हतं ते. गावाकडं मयताच्या घरी बायका आल्या की दारातूनच जसा टाहो फोडतात, तसा त्यांनी भर कोर्टात फोडला. "आक्का, आक्का गं! कशी गेलीस गं मला टाकून!" पक्षकार, वकील, दारातले पोलीस, सगळे जागच्या जागी उभे राहिले. कुणी गप्प करायला पुढं झालं नाही. शिपाई एक पाऊल सरकला होता, साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं.

बऱ्याच वेळानं त्या थांबल्या. साहेबांनी स्वतःपुढचा पाण्याचा पेला त्यांना द्यायला लावला. मग टाइपिस्टकडं बघून ते म्हणाले, "घ्या लिहून." आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "बहिणीचं माहेरचं नाव काय होतं, बाई?"

"मुक्ता," हौसाबाई म्हणाल्या. "मुक्ता नामदेव रासकर. लेकराचं नाव ठेवायचं राहिलं, साहेब. त्येबी तिच्यासंगं गेलं. त्येला बी लिवता यील का?"

साहेबांनी टाइपिस्टला खूण केली, आणि मशीनचा आवाज सुरू झाला.